चैत्रपालवी काळी का येतेय? कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड इफेक्ट आणि नागपूरचा निसर्ग

पिंपळपान | २३ मार्च, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. नुकताच एक सेकंडहँड पेंटॅक्स के-५ घेतला. मॉडेल २०१०चं आहे, पण बॉडी दणकट आणि बटणं बोटाखाली येतात. त्यात कस्टम इमेजमध्ये मोनोक्रोम निवडलं की फिल्टर इफेक्टची यादी उघडते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे नेहमीचे, आणि यादीच्या शेवटी इन्फ्रारेड. तो लावून सध्या सकाळी सकाळी फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी असं फिरतेय.

चित्रं बघून मी अक्षरशः वेडी झालेय. उद्यानातली हिरवळ पांढरीधोप, वडाचं झाड आतून उजळल्यासारखं, खोड मात्र काळं. पण काही गोष्टींचा उलगडा होत नाही.

तेलंगखेडीच्या बाजूला एक पिंपळ आहे. त्याच्या एका अंगाला अजून गेल्या वर्षीची जून पानं आहेत आणि दुसऱ्या अंगाला नवी तांबूस पालवी फुटलीय. इफेक्टमध्ये जून पानं पांढरी आली आणि पालवी गडद करडी, जवळजवळ काळपट. एकाच झाडाची, एकाच उन्हातली पानं! इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी दिसतात असं सगळीकडे वाचलं, मग ही काय भानगड? शिवाय अंबाझरीचं पाणी काळं यायला हवं होतं, ते मळकट पांढरं आलं. आणि आकाश तर काही केल्या गडद होत नाही.

सेटिंग चुकतंय, की हा इफेक्ट मुळात इन्फ्रारेड नाहीच? आणि निसर्गचित्रणासाठी याचा नीट उपयोग कसा करायचा? जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_ठेचा | २३ मार्च, रात्री ९.३२

ताई, नागपुरात इन्फ्रारेड लावाले मेन्यूत कायले जाता? एप्रिलात दुपारी बारा वाजता व्हरायटी चौकात उभं राहा, अख्खा माणूसच इन्फ्रारेड होते! 😄

फोटो टाका ना पण. पिंपळाचा तर टाकाच.

मुठेकाठचा | २३ मार्च, रात्री १०.०५

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हा इफेक्ट म्हणजे इन्फ्रारेड नव्हे. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवलेली असते. जो प्रकाश आतच आला नाही, त्याचं चित्र मेन्यूतून कुठून येणार? रंगीत चित्राची कृष्णधवल आवृत्ती काढताना हिरवा उजळायचा आणि निळा दाबायचा, एवढंच ते करतं. त्याला इन्फ्रारेड म्हणणं मला पटत नाही.

जुना_रोल | २३ मार्च, रात्री ११.२०

मुठेकाठचा यांचं तांत्रिक म्हणणं बरोबर आहे, पण पिंपळपान यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या पुढे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९१०मध्ये इन्फ्रारेड निसर्गचित्रं प्रसिद्ध केली. पानं बर्फासारखी पांढरी येण्याला आजही वुड इफेक्ट म्हणतात. आम्ही ज्या काळात हा नाद केला तेव्हा कोडॅकची एचआयई नावाची फिल्म असायची. ती कॅमेऱ्यात भरायची तर संपूर्ण अंधार लागायचा, अंधुक सावलीत भरून भागत नसे. मी रजई पांघरून आत भरायचो, मे महिन्यातसुद्धा. वापरेपर्यंत रोल फ्रीझरमध्ये, घरच्यांच्या मटारशेजारी. त्या फिल्ममध्ये प्रकाश परतून पसरू न देणारा थर नव्हता, म्हणून उजळ भागांभोवती जे तेजोवलय येई ते फार सुंदर असायचं. २००७मध्ये ती बंद झाली.

आता पिंपळाकडे. कॅमेऱ्यातला इफेक्ट पानाचा रंग बघतो, पान बघत नाही. त्याच्याजवळ लाल, हिरवा, निळा असे तीनच आकडे असतात. कंपनी नेमकं काय सूत्र वापरते ते ती जाहीर करत नाही, पण संगणकावर खोटा इन्फ्रारेड करण्याची एक रूढ पद्धत अशी, की हिरव्याची दुप्पट घ्यायची आणि त्यातून निळा वजा करायचा. लाल धरायचाच नाही. करून बघा:

जून हिरवं पान समजा लाल ९०, हिरवा १२०, निळा ५०. दुप्पट हिरवा २४०, वजा ५०, म्हणजे १९०. पांढरं.
तांबूस पालवी लाल १५०, हिरवा ८०, निळा ५५. दुप्पट १६०, वजा ५५, म्हणजे १०५. करडी.
निळंभोर आकाश ९०, १४०, २१०. दुप्पट २८०, वजा २१०, म्हणजे ७०. गडद.
आणि आपलं मार्चचं धुळकट आकाश २१५, २१५, २२०. दुप्पट ४३०, वजा २२०, म्हणजे २१०. पांढरंच!

तुमची सेटिंग बरोबर आहे. हिशेबच असा आहे.

पिंपळपान | २४ मार्च, सकाळी ७.१५

जुना_रोल काका, तुम्ही तर सगळं गणितच मांडून दिलंत! खूप आभार. आता अंबाझरीचं कोडंही सुटल्यासारखं वाटतंय. मी काठावर उभी होते तिथे पाण्याला शेवाळी हिरवट झाक होती आणि वरून धुळकट आकाशाचं प्रतिबिंब. म्हणजे दोन्हीकडून पांढरंच येणार.

पण मग खऱ्या इन्फ्रारेडमध्ये ती पालवी पांढरी आली असती का?

दूरदृष्टी | २४ मार्च, सकाळी १०.४०

आली असती. उपग्रहचित्रं वाचण्याचं काम करतो, त्यामुळे हा माझा रोजचा विषय आहे.

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. हरितद्रव्य त्यातला निळा आणि लाल शोषून घेतं, हिरवा थोडा परत पाठवतं. पण ७००च्या आसपास एकदम चित्र पालटतं. त्यापुढचा प्रकाश हरितद्रव्याच्या कामाचा नाही, ते तो शोषतच नाही. पानाच्या आत विरळ रचलेल्या पेशी आणि त्यांच्या मधल्या हवेच्या पोकळ्या असतात. प्रकाश तिथे उलटसुलट वळत राहतो आणि निरोगी पान जवळजवळ ४० ते ५० टक्के प्रकाश परत फेकतं. दिसणाऱ्या प्रकाशात हेच प्रमाण सहसा १५ टक्क्यांच्या आत असतं. पांढरेपणा येतो तो पानाच्या आतल्या रचनेमुळे. रंगाचा तिथे संबंध नाही.

तांबूस पालवीत अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं. ते हिरवा प्रकाश खातं, म्हणून कॅमेऱ्याच्या इफेक्टमध्ये पालवी मार खाते. पण निकट इन्फ्रारेडला, म्हणजे ७००च्या लगेच पुढच्या पट्ट्याला, ते पारदर्शक आहे. कोवळं पान पातळ, आतल्या पोकळ्या पुरत्या तयार नसतात, म्हणून जून पानापेक्षा किंचित कमी उजळ येईल, पण काळं नक्की नाही.

आपल्याकडे १९८८मध्ये आयआरएस-१ए उपग्रह गेला तेव्हापासून या पट्ट्यातली चित्रं येतात. लिस-३ संवेदकाचा निकट इन्फ्रारेड पट्टा ७७० ते ८६० नॅनोमीटरचा. त्या चित्रात इन्फ्रारेडला लाल रंग देतात, म्हणून झाडोरा लालभडक आणि स्वच्छ, खोल पाणी काळं. तलावावरची जलपर्णी काळ्या पाण्यावर लाल डागासारखी उठून दिसते, त्यावरून ती किती पसरली ते मोजता येतं. नागपुरात इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे, राज्य शासनाचं दूरसंवेदन केंद्र एमआरसॅक आहे, अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणाचं राष्ट्रीय केंद्र आहे. इन्फ्रारेडमधून जमीन बघणाऱ्यांचं हे शहरच आहे असं मी अभिमानानं म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा | २४ मार्च, सकाळी ११.०२

सर, एक भाबडा प्रश्न. हे इन्फ्रारेड म्हणजे उष्णताच ना? मंग मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत फोटो आणखीन भारी येईन का नाही?

दूरदृष्टी | २४ मार्च, सकाळी ११.३०

नाही हो भाऊ, आणि प्रश्न भाबडा मुळीच नाही, पुष्कळांची हीच समजूत असते. तापलेली भिंत, डांबर, आपलं अंग यांच्यातून जी उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः ८ ते १४ मायक्रोमीटरची, म्हणजे ८००० ते १४००० नॅनोमीटर. त्याला थर्मल कॅमेरा वेगळाच लागतो. साध्या सेन्सरचं सिलिकॉन ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळं असतं. आपण बोलतोय तो सूर्याचा परावर्तित प्रकाश. पारा ४५ वर असो की १५ वर, फरक पडतो तो उन्हानं आणि पानांनी.

निळासावळा | २४ मार्च, दुपारी २.१५

माझ्याकडे ७२० नॅनोमीटरला कन्व्हर्ट केलेला कॅमेरा आहे, म्हणजे सेन्सरपुढची अडवणारी काच काढून तिथे फक्त इन्फ्रारेड आत सोडणारी काच बसवलेली. पिंपळपान ताई, तुमची पालवी खरंच पांढरी येते, मी सिव्हिल लाइन्समधल्या कडुनिंबांवर पाहिलंय. चैत्रात कडुनिंब तांबूस फुटतो आणि इन्फ्रारेडमध्ये झाडभर फुलं आल्यासारखा दिसतो.

पण लगेच कन्व्हर्जनच्या मागे लागू नका. माझा पहिला कॅमेरा ज्या दुरुस्तीवाल्याकडे दिला होता, तिथून तो सेन्सरवर धूळ आणि बिघडलेला फोकस घेऊन परत आला. काम कोणाकडून करून घेताय याची चार जणांकडे चौकशी करा, मगच द्या.

आधी घरच्या घरी करायची एक चाचणी आहे. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे रोखून बटण दाबा आणि अंधाऱ्या खोलीत थोडा लांब एक्सपोजर घ्या. रिमोटच्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसला तर तुमच्या कॅमेऱ्यातली काच थोडा इन्फ्रारेड आत सोडते. तसं असेल तर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लेन्सवर लावून, ट्रायपॉडवर, भर उन्हात, एफ/८ ला कित्येक सेकंदांचं एक्सपोजर देऊन खरा इन्फ्रारेड मिळतो. फोकस आणि फ्रेम फिल्टर लावायच्या आधी ठरवायची, कारण नंतर व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. आणि एक ताकीद: त्या काळ्या फिल्टरमधून सूर्याकडे डोळा लावू नका. डोळ्याला अंधार दिसतो, पण इन्फ्रारेड आत जातच असतो.

मुठेकाठचा | २४ मार्च, दुपारी ३.००

हेच मी म्हणत होतो. करायचं तर खरं करा. वारा असेल तर पानं हलतील, तिपाई वाहून न्यावी लागेल, पण जे येईल ते खरं असेल. बटण दाबून मिळणाऱ्या नकलेत कसला आनंद?

पिंपळपान | २४ मार्च, रात्री ८.४५

आनंद आहे! आणि तो मी मोडीत काढू देणार नाही. 🙂

कृष्णधवल चित्रं काढणारे लाल फिल्टर लावून आकाश काळं करतात, ते तरी डोळ्याला कुठे तसं दिसतं? मला या इफेक्टनं दिलेली गोष्ट वेगळीच आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये तो चालू ठेवून झाडं बघायला लागले आणि आजवर जे सरसकट हिरवं दिसायचं त्यात किती प्रकार आहेत ते दिसायला लागलं. बाभूळ आणि करंज शेजारी शेजारी असतील तर करंज झगझगीत आणि बाभूळ धुरकट. सेमिनरी हिल्सवर साग निष्पर्ण उभा आहे, त्याच्या काळ्या काड्यांच्या मागे एखादंच पालेदार झाड उजळतं. डोळ्यांनी मी ती चौकट कधीच निवडली नसती.

मुठेकाठचा, तुम्ही म्हणता तसं ते खरं इन्फ्रारेड नाही, हे मान्य. पण ते निरुपयोगी आहे हे मान्य नाही.

सावली_शोधक | २४ मार्च, रात्री ९.२०

+१

तर्री_प्रेमी | २४ मार्च, रात्री ९.४१

सकाळी सकाळी फुटाळ्याला जाता आणि तर्री पोह्यांचा उल्लेख नाही? धागा अपूर्ण आहे.

वऱ्हाडी_ठेचा | २४ मार्च, रात्री ९.५०

तर्रीवर इन्फ्रारेड लावला तं काय होईन काका? लाल धरतच नाही म्हणता.

जुना_रोल | २४ मार्च, रात्री १०.३०

तर्री गडद येईल, वरची कोथिंबीर पांढरी. खाणाऱ्याला फरक पडणार नाही. 😄

आता पिंपळपान यांच्या शेवटच्या प्रश्नाकडे, उपयोग कसा करायचा. माझा अनुभव सांगतो.

या इफेक्टला निळं आकाश लागतं. सध्या धूळ आहे, पण पहाटे वाऱ्याआधी पश्चिमेकडचं आकाश थोडा वेळ निळं असतं. सूर्य पाठीशी ठेवून पश्चिमेला तोंड करा. पोलरायझर असेल तर उत्तर किंवा दक्षिणेकडे वळा, कारण सूर्यापासून ९० अंशांवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त. फार वाइड लेन्सवर मात्र आकाशात मध्येच काळा पट्टा येतो, तेव्हा जपून. आणि खरा हंगाम म्हणजे पावसाळ्यानंतरचा, ऑक्टोबर. हवा धुतलेली, झाडं भरलेली, ढग पांढरे.

दुसरं, निळा वजा होत असल्यामुळे आकाशात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, उफाळून येतो. आयएसओ कमीत कमी ठेवा, हायलाइट जाऊ नयेत म्हणून एक्सपोजर किंचित खाली आणा. आणि रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) अधिक जेपेग असंच काढा. इफेक्ट फक्त जेपेगवर बसतो, रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. के-५मध्ये रॉ कॅमेऱ्यातच डेव्हलप करता येते, तेव्हा त्याच चित्राचं लाल फिल्टरचं, हिरव्या फिल्टरचं आणि इन्फ्रारेडचं रूप शेजारी शेजारी ठेवून बघा. झाडांबद्दल आणि प्रकाशाबद्दल त्यातून जे कळतं ते पुस्तकातून कळायला फार वेळ लागतो.

काळी_कसदार | २५ मार्च, पहाटे ५.५०

राम राम. मी काटोलकडचा, संत्र्याची बाग आहे. फोटोतलं मला फार कळत नाही, पण दूरदृष्टी साहेबांचं वाचून झोप उडाली. पान निरोगी असेल तर इन्फ्रारेड जास्त परत येतो म्हणता. मग कोळशी (पानांवरची काळी बुरशी) आलेली किंवा डिंक्या (बुंध्यातून डिंक गळणारा रोग) लागलेली झाडं या कॅमेऱ्यानं आधी ओळखता येतील का? झाड वरून हिरवं दिसते तोवर आतून गेलेलं असते, हा आमचा दरवर्षीचा घोर आहे.

दूरदृष्टी | २५ मार्च, सकाळी ९.३०

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा.

कॅमेऱ्यातल्या इफेक्टनं नाही. तो डोळ्याला दिसणाऱ्या रंगांवरच चालतो, म्हणजे तुम्हाला जे दिसत नाही ते त्यालाही दिसत नाही. पानाची आतली रचना खचायला लागते तेव्हा निकट इन्फ्रारेड कमी होतो आणि हरितद्रव्य घटल्यामुळे लाल वाढतो. इन्फ्रारेडमधून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेनं भागायचं, हा एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक. दाट, निरोगी झाडोऱ्यात तो १ कडे झुकतो, उघड्या जमिनीवर शून्याच्या जरा वर राहतो. तो काढायला खरा इन्फ्रारेड पट्टा लागतो, उपग्रहाचा किंवा ड्रोनवरच्या खास कॅमेऱ्याचा. आणि आकडा घसरला तरी कारण तो सांगत नाही. पाण्याचा ताण, कोळशी, डिंक्या, सगळ्यांचा आकडा सारखाच खाली येऊ शकतो. बुंध्याशी बसून साल बघणं सुटत नाही. आपल्याकडे लिंबूवर्गीय फळांचं केंद्रीय संशोधन केंद्र नागपुरातच आहे, तिथे झाडाचा नमुना दाखवा.

काळी_कसदार | २५ मार्च, सकाळी १०.१०

आभार साहेब. म्हणजे बुंध्याशी बसणं चुकत नाही. बसतो.

फोटोवाल्यांनो, बागेत या कधीही. मृग बहाराची थोडी फळं झाडावर आहेत, आंबियाची बारीक धरलीत. खाली काळी माती, नुकती वखरलेली.

निळासावळा | २५ मार्च, सकाळी ११.००

काळ्या मातीवर संत्र्याची झाडं! या उन्हाळ्यात नागपूरभोवती यापेक्षा चांगला विषय नाही. जंगल वाळलेलं असताना हिरवीगार राहणारी झाडं आणि खाली गडद जमीन. इफेक्टमध्ये आणि खऱ्या इन्फ्रारेडमध्ये, दोन्हीकडे जमेल.

एक लक्षात ठेवा, पिकलेलं फळ इफेक्टमध्ये पानाइतकंच किंवा जास्त उजळ येईल, कारण नारिंगी रंगात हिरवा भरपूर आणि निळा अगदी कमी. फळ पानांत हरवून जाईल. फळ उठून दिसायला हवं असेल तर त्याच रॉवर लाल फिल्टर लावा, पान गडद आणि फळ पांढरं.

पिंपळपान | ३१ मार्च, सकाळी ८.००

पाडव्याच्या सगळ्यांना शुभेच्छा. एक दिवस उशिरा देतेय, कारण काल दिवसभर प्रयोग चालला होता.

दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. त्यात हिरव्या पानांबरोबर मुद्दाम कोवळी तांबूस पानंही ओवली. शेजारी बाजारातलं प्लास्टिकचं हिरवं तोरण टांगलं. निळासावळा आपला कन्व्हर्ट केलेला कॅमेरा घेऊन आले, पुरणपोळी खाऊन गेले. दोघांनी एकाच जागेवरून, एकाच उन्हात चित्रं काढली.

माझ्या इफेक्टमध्ये प्लास्टिकचं तोरण सगळ्यात पांढरं! आंब्याची हिरवी पानं त्याच्या खालोखाल आणि कोवळी पानं काळपट. त्यांच्या कॅमेऱ्यात आंब्याची हिरवी आणि कोवळी पानं दोन्ही पांढरी, कोणती कुठली ते शोधावं लागत होतं. पानाच्या मधल्या शिरेजवळ तेवढी बारीक करडी रेघ. प्लास्टिक मध्यम करडं आलं. आणि माझ्या भावाचा काळा पॉलिस्टर टी-शर्ट त्यांच्या चित्रात चक्क फिकट राखाडी! माझ्या चित्रात तो काळाच.

जुना_रोल | ३१ मार्च, सकाळी ९.४०

फार सुंदर प्रयोग. तोरणाची कल्पना मला कधी सुचली नसती.

काळ्या टी-शर्टचा एक प्रसिद्ध किस्सा आहे. २००६मध्ये लायकाचा एम८ आला. त्यात इन्फ्रारेड अडवणारी काच फार पातळ होती, त्यामुळे कृत्रिम धाग्याचे काळे कपडे जांभळट यायला लागले. शेवटी कंपनीनं ग्राहकांना लेन्सवर लावायला फिल्टर दिले. कापडाचा काळा रंग डोळ्यापुरता काळा असतो.

प्लास्टिकबद्दल मात्र सरसकट निष्कर्ष काढू नका. ते रंगावर अवलंबून असतं, दुसऱ्या दुकानातलं तोरण खऱ्या इन्फ्रारेडमध्ये पांढरंही येऊ शकेल.

मुठेकाठचा | ३१ मार्च, दुपारी १२.३०

दोन्ही चित्रं शेजारी ठेवलीत हे फार बरं केलंत. इफेक्टला निरुपयोगी म्हणणं मी मागे घेतो, फरक इतका स्वच्छ दाखवायला तोच कामी आला. एक विनंती मात्र उरते. कुठे प्रदर्शनात, स्पर्धेत किंवा इथेसुद्धा चित्र द्याल तेव्हा खाली लिहा: कृष्णधवल, कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड इफेक्ट. बघणारा ते बघून झाडाबद्दल काही समजूत करून घेणार असेल, तर त्याला हे माहीत असायला हवं.

पिंपळपान | ३१ मार्च, दुपारी १.०५

अगदी मान्य. तसंच लिहीन. काळी_कसदार दादांच्या प्रश्नानंतर तर ते आवश्यकच वाटतं. कुणी माझं पांढरंशुभ्र झाड बघून ते निरोगी आहे असं समजायला नको.

दूरदृष्टी | ३१ मार्च, दुपारी २.२०

आकाशाबद्दलचा तुमचा प्रश्न राहून गेला होता. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात तो तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. ४५० नॅनोमीटरचा निळा ८००च्या इन्फ्रारेडपेक्षा सुमारे १० पट जास्त विखुरतो. म्हणून खऱ्या इन्फ्रारेडमध्ये स्वच्छ आकाश काळं येतं. पण धुळीचे कण मोठे असतात, ते सगळ्या तरंगलांबी जवळजवळ सारख्याच विखुरतात. त्यामुळे आपल्या उन्हाळी धुळीपुढे खऱ्या इन्फ्रारेडचंही फार चालत नाही. आकाशासाठी दोघांनाही ऑक्टोबरची वाट बघावी लागेल.

सावली_शोधक | १ एप्रिल, सकाळी ७.३०

या शनिवार-रविवारी रामटेकला जायचं का? गडावरून खिंडसीचं पाणी आणि भोवतालचं जंगल इफेक्टमध्ये कसं येतं ते बघायचंय.

वऱ्हाडी_ठेचा | १ एप्रिल, सकाळी ७.४५

रविवारी रामनवमी आहे भाऊ. गडावर पाय ठेवाले जागा नाही भेटणार, ट्रायपॉड कुठं ठेवता? रामटेक पावसाळ्यानंतर. शनिवारी काटोल करा, संत्री तरी खाले भेटतीन.

काळी_कसदार | १ एप्रिल, सकाळी ८.२०

शनिवारी या. साडेसहापर्यंत पोचा म्हणजे ऊन तिरपं असताना ओळींतून उजेड येतो. बागेच्या पश्चिमेला उघडं रान आहे, मागं आकाशच आकाश. आठनंतर वारं सुटते. ठिबकच्या नळ्या पायात येतात, जपून चाला आणि ट्रायपॉडचे पाय नळीवर ठेवू नका. दूरदृष्टी साहेब, तुम्हीपण या. चार झाडांवर शंका आहे, ती तुम्हाला दाखवायची आहेत.

दूरदृष्टी | १ एप्रिल, सकाळी ९.००

येतो. त्या चार झाडांच्या बुंध्याजवळची माती आदल्या दिवशी ओली करू नका, साल कोरडी बघायची आहे. निळासावळा, तुमचा कॅमेरा आणा. शंकेची आणि धडधाकट झाडं एकाच चौकटीत घेऊन बघू.